म्हातारपणाची सेवा : रिद्धपूरची जुनी गोष्ट आणि आपली आजची पारख

रिद्धपूर म्हटलं की लोकांना राजमठ आठवतो, गोविंदप्रभू आठवतात, म्हाइंभटांनी इथं बसून लिहिलेलं लीळाचरित्र आठवतं. आता मराठी भाषेचं विद्यापीठही आपल्या गावात आलं, म्हणून बाहेरगावची माणसं गावाचं नाव नीट उच्चारायला लागली आहेत. पण याच गावाची आणखी एक गोष्ट आहे, ती फारशी कोणी सांगत नाही. सातशे वर्षांपूर्वी इथं एका म्हाताऱ्या माणसाला सांभाळायला काही बाया आणि पुरुष गोळा झाले होते. त्यांच्यातलं कोणीच त्यांच्या नात्याचं नव्हतं. त्यांनी त्या म्हाताऱ्या माणसाला शेवटपर्यंत सांभाळलं आणि कसं सांभाळलं ते लिहूनही ठेवलं.

ही गोष्ट आज काढायचं कारण आहे. गटाच्या बैठकीत हप्त्याचा हिशेब संपला की एक विषय हमखास निघतो. कुणाची सासू पडली, खुब्याचं हाड मोडलं, आता अंथरुणावरच आहे. कुणाचे वडील रात्री उठून वावराकडं चालायला लागतात. कुणाची माय एकटी आहे आणि भाऊ पुण्याला. मग कोणीतरी हळूच विचारतं की अमरावतीला म्हणे एक ठिकाण आहे, पैसे घेऊन सांभाळतात, ठेवावं का? लगेच दुसरी म्हणते, लोक काय म्हणतील? आणि तिसरी, जी सगळ्यांत शहाणी, ती विचारते, तिथं नीट बघतात हे ओळखायचं कसं? आजचं बोलणं या तिसरीसाठी आहे.

आधी शब्दाचा एक घोळ मिटवू. आपल्याकडं ‘नर्सिंग होम’ म्हटलं की बाळंतपणाचा किंवा ऑपरेशनचा खाजगी दवाखाना डोळ्यांपुढं येतो. म्हाताऱ्या माणसांना जिथं महिनोन्‌महिने ठेवतात त्याला आपण वृद्धाश्रम म्हणतो, आणि शहरात आता ‘केअर सेंटर’ म्हणतात. पाटी कोणतीही असो, आत अंथरुणावर पडलेलं माणूस असतं आणि त्याचं हगणं-मुतणं, खाणं-पिणं, औषधपाणी दुसऱ्याच्या हातात असतं. आपण बोलतोय ते या दुसऱ्याच्या हाताबद्दल.

आता रिद्धपूरची गोष्ट. गोविंदप्रभू, म्हणजेच गुंडम राऊळ, लहानपणीच आईबापांना पारखे झाले. मामा-मावशीनं त्यांना रिद्धपूरला आणून वाढवलं. मोठेपणी त्यांचं वागणं जगावेगळं होतं. कुणाच्याही घरात शिरायचे, भांड्यावरचं झाकण काढून खायचे, देवळातल्या मूर्तींशी बोलायचे, रागवायचे, हसायचे, पोरांत पोर होऊन खेळायचे. कोणी त्यांना वेडा म्हणे, कोणी देव म्हणे. गावातली गोरगरीब माणसं, ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं होतं तीसुद्धा, त्यांना आपली माय आणि आपला बाप मानत. चक्रधरस्वामींनी त्यांना गुरू मानलं. पुढं चक्रधरस्वामी उत्तरेकडं निघून गेले, परंपरेप्रमाणे इ.स. १२७४ च्या सुमारास, तेव्हा त्यांच्या मागं राहिलेली सगळी मंडळी रिद्धपूरला आली. नागदेवाचार्य आले, त्यांना भटोबासही म्हणतात. त्यांची आई आबाइसा आली. त्यांच्या नात्यातली, लहानपणी विधवा झालेली महादाइसा आली. म्हाइंभट आले. आणि इ.स. १२८७ च्या सुमारास गोविंदप्रभूंनी देह ठेवला तोवर, म्हणजे दहा-बारा वर्षं, या मंडळींनी त्यांची सेवा केली.

दहा-बारा वर्षं म्हणजे किती, हे ज्या बाईनं अंथरुणाला खिळलेली सासू दोन वर्षं काढली तिला विचारा.

म्हाइंभटांनी पुढं गोविंदप्रभूंचं चरित्र लिहिलं. त्यात तीनशेहून जास्त छोट्या छोट्या गोष्टी आहेत, त्यांना लीळा म्हणतात. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात जन्मलेले डॉ. वि. भि. कोलते यांनी ते पुस्तक संपादून छापलं, आणि अमेरिकेतल्या अभ्यासक अ‍ॅन फेल्डहाउस यांनी त्याचं इंग्रजी केलं, ते १९८४ साली निघालं. म्हणजे आपल्या गावातल्या एका म्हाताऱ्या माणसाची आंघोळ, जेवण, रुसणं, हट्ट हे सगळं आज जगात वाचलं जातं. भक्त ते देवाची लीळा म्हणून वाचतात, आणि ते त्यांचं खरंच आहे. पण म्हातारं माणूस सांभाळलेली बाई ते पुस्तक वाचायला बसली, तर तिला त्यात आणखीही काही दिसतं.

एक लीळा महादाइसेची आहे. गोविंदप्रभूंनी तिच्याकडं एक पदार्थ मागितला. तिनं करून आणला तर, हा नव्हे. दुसरा केला, तोही नव्हे. आपलं काय होतं? दुसऱ्या खेपेला आपण म्हणतो, ‘बुढ्याला काही समजत नाही, दे वरण-भात.’ महादाइसेनं तसं केलं नाही. त्यांच्या मनात नेमकं काय आहे ते ती शोधत राहिली, आणि ते सापडेपर्यंत चुलीपाशी राहिली. म्हाताऱ्या माणसाला शब्द आठवत नाही, पण चव आठवते. त्यांना हवं असतं ते त्यांच्या आईच्या हातचं काहीतरी, आणि त्याचं नाव ते भलतंच सांगतात. हे ज्याला कळलं त्याला सांभाळणं कळलं.

दुसरी गोष्ट धवळ्यांची. गोविंदप्रभूंच्या मनात आलं, आपलं लग्न लावा. म्हाताऱ्या माणसाचा हा हट्ट. मंडळींनी त्यांना दटावलं नाही, खोलीत बसवून ठेवलं नाही. लग्नाचा खेळ मांडला, आणि महादाइसेनं त्या वेळी जी लग्नगीतं रचली ती म्हणजे तिचे प्रसिद्ध धवळे. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून आपण तिचं नाव घेतो. तिची कविता एका म्हाताऱ्या माणसाचं मन राखताना झालेली आहे, हे मात्र शाळेत कोणी सांगत नाही. साहित्याच्या इतिहासात धवळ्यांवर कितीतरी पानं खर्ची पडली. त्या दिवशी मांडव कोणी सारवला आणि सगळ्यांचा स्वयंपाक कोणी केला याच्यावर एक पानही नाही. असो.

या गोष्टीत आम्हाला सगळ्यांत उपयोगी वाटतात ते म्हाइंभट. त्यांना चक्रधरस्वामींच्या आणि गोविंदप्रभूंच्या आठवणी गोळा करायच्या होत्या. त्यांनी एकट्या नागदेवाचार्यांना विचारून पोथी पुरी केली नाही. ज्यानं जे डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं, त्याच्याकडं जाऊन विचारलं. त्यात बाया होत्या, स्वयंपाक करणाऱ्या, पाणी भरणाऱ्या, बरोबर हिंडलेल्या. एकाच प्रसंगाचं दोघांनी वेगवेगळं सांगितलं तर अमकी असं म्हणते, तमका तसं म्हणतो, अशी नोंद राहू दिली. वाजेश्वरीला बसून हे काम झालं. बायांनो, एखाद्या ठिकाणी म्हाताऱ्या माणसांची सेवा कशी होते हे पारखायचं असेल तर याहून चांगली रीत आम्हाला तरी माहीत नाही. मुख्य माणूस काय सांगतो ते ऐकावं, आणि मग ज्यांच्या हातून काम होतं त्यांना वेगवेगळं गाठून विचारावं.

पण एक शंका आमच्या गटातल्याच एकीनं काढली आणि ती खरी आहे. ती म्हणाली, ‘ते त्यांना देव मानत होते. देवाची सेवा कोणीही करील. माझी सासू काही देव नाही, उठता-बसता शिव्या देते.’ (शिव्या तर गोविंदप्रभूही देत, पण ते राहू द्या.) प्रश्न बरोबर आहे. ज्याच्या सेवेनं पुण्य लागतं, ज्याच्या नावानं मठाला मान मिळतो, त्याची सेवा होतेच. ज्या बुढीला ना लेकरू ना पैसा, आणि जिला आठवतही नाही की सकाळी कोणी आंघोळ घातली, तिची सेवा कशी होते? खरी पारख तिथं लागते. आणि याचं उत्तर शोधायला आपल्याला रिद्धपूरहून फार लांब जायला नको. ते आपल्याच जिल्ह्यात सापडतं.

अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावला २३ फेब्रुवारी १८७६ ला डेबूजी झिंगराजी जानोरकर जन्मले. त्यांना आपण गाडगेबाबा म्हणतो. लहानपणी बाप गेला, मामाकडं दापुऱ्याला गुरं राखत मोठे झाले. गोविंदप्रभूही मामा-मावशीकडं वाढले, हे आमच्या लक्षात आलं तेव्हा जरा थांबलो. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हातात घ्यायचे, नाली साफ करायचे, कीर्तन मग. त्यांनी धर्मशाळा बांधल्या, पंढरपूरला, नाशिकला, आळंदीला, देहूला. आंधळ्या-पांगळ्यांना अन्न दिलं. पण ‘दिलं’ एवढ्यानं त्यांचं समाधान नसे. ती माणसं ज्या जागेत बसतात ती झाडलेली आहे का, तिथं पाणी आहे का, हेही ते पाहत. आणि संस्थेच्या पैशावर आपल्या घरच्यांनी एक घास खाऊ नये, हा त्यांचा कडक नेम होता. कोणतंही सेवेचं ठिकाण पाहायला गेलात तर हा नेम आठवा. चालवणाऱ्यांचा बंगला आणि आतल्या लोकांची चादर, दोन्ही बघा. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीकडं येताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी गाडीतच बाबांचा प्राण गेला. वलगावला त्यांच्या नावाचा वृद्धाश्रमही आहे.

खराट्याचं महत्त्व मोठ्या मोठ्या लोकांनाही उशिरा कळलं. फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं नाव आपल्या आशाताई आणि नर्सताई सांगतात. १८५४ च्या नोव्हेंबरात ही बाई ३८ नर्स घेऊन तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी दवाखान्यात गेली. क्रिमियाची लढाई चालू होती. तिनं अन्न सुधारलं, कपडे दिले, रात्री कंदील घेऊन एकेका खाटेपाशी फिरली. तरीही माणसं मरतच राहिली. फेब्रुवारी १८५५ मध्ये तिथं शंभर रुग्णांमागं ४२ च्या आसपास मरत होते. मग मार्चमध्ये सरकारनं पाठवलेल्या स्वच्छतेच्या माणसांनी दवाखान्याखालची तुंबलेली गटारं उपसली, सडलेली जनावरं हलवली, हवा खेळती केली. जूनपर्यंत मरणारे शंभरात दोनवर आले. हा हिशेब बाईनं पुढं घरी बसून आकड्यांनी मांडला, चित्रं काढून दाखवला, आणि तेव्हापासून दवाखाना कसा असावा याचा विचारच बदलला. आम्हाला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्या नर्स मायाळू होत्या, रात्रंदिवस खपत होत्या, तरी माणसं जात होती, कारण खाली गटार तुंबलं होतं. म्हणून एखाद्या ठिकाणची माणसं गोड बोलतात एवढ्यावर विश्वास टाकू नका. संडास बघा. पाण्याची टाकी बघा. हात धुवायला साबण कुठं आहे ते बघा.

आता अमरावतीचं तपोवन. डॉ. शिवाजीराव पटवर्धन हे अमरावतीचे होमिओपॅथीचे डॉक्टर, स्वातंत्र्याच्या लढ्यातले माणूस. १९४६ साली त्यांनी कुष्ठरोग्यांसाठी तपोवन सुरू केलं. तेव्हा महारोग म्हटला की घरचे लोकसुद्धा माणसाला बाहेर काढत. नवरा बायकोला, लेक मायला. रोगावरची चांगली औषधं नुकतीच कुठं येत होती. तीन औषधं एकत्र देऊन रोग पुरता बरा करायची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितली ती पुढं १९८१ च्या सुमारास. त्या काळात पटवर्धनांनी नुसती खाट आणि जेवण दिलं नाही. तिथल्या माणसांनी शेती केली, हातमाग चालवले, सुतारकाम केलं, मुलांना शिकवलं. माणसाची बोटं गेलेली होती, पण कामाची लाज नव्हती. बाबा आमट्यांचं आनंदवन सगळ्यांना माहीत आहे, ते वरोऱ्याला यानंतर उभं राहिलं.

तपोवनातून आम्ही काय घेतो? सांभाळायच्या माणसाला दिवसभर काय करायला आहे, हे बघायला शिकतो. आपल्या बुढ्यांना निंदणं-खुरपणं होत नाही, पण शेंगा फोडता येतात, वाती वळता येतात, डाळ निवडता येते, लेकरू झोपवता येतं. जिथं सकाळपासून रात्रीपर्यंत सगळ्यांना एका ओळीत टीव्हीसमोर बसवलेलं असतं आणि टीव्ही कोणी बघत नसतं, तिथं जेवण कितीही चांगलं असो, आमचं मन तिथं घेत नाही.

अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरचं उदाहरणही इथंच सांगून टाकतो. शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या, अपंग, मतिमंद लेकरांना आपलं नाव देऊन वाढवलं. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कायद्यानं बालगृहातलं मूल १८ वर्षांचं झालं की त्याला बाहेर जावं लागतं. ज्याला स्वतःचं नाव सांगता येत नाही त्यानं १८ व्या वर्षी कुठं जायचं, हा प्रश्न शंकरबाबा वर्षानुवर्षं सरकारला विचारत आले. ती गोष्ट म्हाताऱ्यांची नाही, पण प्रश्न तोच आहे. सांभाळ किती दिवसांचा? आम्ही म्हणतो, कोणत्याही ठिकाणी जाऊन पहिल्याच दिवशी हे विचारा. पैसे थकले तर काय करता? माणूस उठेनासं झालं तर ठेवता का, की फोन करून ‘घेऊन जा’ म्हणता? शेवट जवळ आला तर इथंच राहू देता का? बऱ्याच जागा चालत्या-फिरत्या माणसालाच घेतात, आणि घरच्यांना ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

आता कायद्याचं. यात फार वेळ घालवत नाही, कारण कागद भिंतीवर टांगता येतो. तरी माहीत असावं. मुंबई प्रांतात १९४९ साली नर्सिंग होमच्या नोंदणीचा कायदा झाला. आपलं वऱ्हाड तेव्हा मुंबईकडं नव्हतं, मध्य प्रांतात होतं, पण पुढं हा कायदा सगळ्या महाराष्ट्राला लागू झाला. आजारी, जखमी किंवा दुबळ्या माणसाला ठेवून घेऊन जिथं उपचार आणि शुश्रूषा होते, अशी जागा या कायद्यात येते, बाळंतपणाचे दवाखानेही येतात. २०२१ च्या नियमांनी रुग्णांच्या हक्कांची सनद आणि दरपत्रक दिसेल असं लावायला सांगितलं. म्हणजे दारातून आत गेल्यावर नोंदणीचं प्रमाणपत्र, हक्कांची पाटी, दरांची पाटी या तीन गोष्टी शोधायच्या. नुसतं राहणं-जेवण देणारा वृद्धाश्रम मात्र बहुधा संस्था किंवा न्यास म्हणून नोंदलेला असतो, तिथं नोंदणीचा तो कागद मागायचा. पाटी दिसली नाही तर विचारायला लाजू नका. विचारल्यावर कपाळाला आठी पडली तर ते उत्तरच समजा.

दुसरा कायदा २००७ चा, आईबाप आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा. पोरांनी सांभाळलं नाही तर म्हातारा-म्हातारी साध्या कागदावर उपविभागीय अधिकाऱ्यांकडं अर्ज करू शकतात. प्रत्येक जिल्ह्यात निदान एक असं घर असावं की जिथं दीडशे निराधार म्हातारी माणसं राहू शकतील, असंही त्याच कायद्यात लिहिलं आहे. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या वरची माणसं १० कोटींहून जास्त होती. एवढ्यांसमोर जिल्ह्याला दीडशे खाटा म्हणजे किती, तो हिशेब गटात बसून करून बघा. म्हणूनच खाजगी जागा वाढत आहेत, आणि म्हणूनच पारख आपल्यालाच करावी लागणार.

आमच्या गटातल्या एकीनं आपल्या मायला शहरातल्या एका ठिकाणी ठेवलं होतं. नाव सांगत नाही. पहिल्या भेटीच्या दिवशी, तेही कळवून गेल्यावर, सगळं झकपक होतं. माय पावडर लावून खुर्चीत बसलेली. तिसऱ्या महिन्यात ती न कळवता संध्याकाळी सात वाजता गेली. माय सहा वाजताच झोपवलेली होती, जीभ जड, डोळे अर्धे मिटलेले. कूस वळवून बघितलं तर माकडहाडावर जखम. जखम रुपयाएवढी. तिथल्या बाईनं सांगितलं, म्हातारपणी होतंच असं. बायांनो, होतंच असं हे खरं नाही. एकाच अंगावर तासन्‌तास पडलं की कातडी दबते, रक्त पोचत नाही, आणि ओलं राहिलं की फाटते. दर दोन तासांनी कूस बदलली, कोरडं ठेवलं, टाचा आणि माकडहाड रोज पाहिलं तर बहुतेक जखमा टळतात. तिनं मायला घरी आणलं. जखम भरायला चार महिने लागले. तिच्याबरोबर आम्ही पाळीपाळीनं जायचो, म्हणून आम्हाला हे नीट ठाऊक आहे.

त्यातून आमची एक रीत बसली. जागा बघायला एकटीनं जायचं नाही, तिघींनी जायचं, आणि आत गेल्यावर वेगळं व्हायचं. एक ऑफिसात बसते, दर विचारते, रात्री किती माणसांमागं किती कामवाल्या असतात ते विचारते. दिवसाचा आकडा सगळे सांगतात, रात्रीचा विचारला की उत्तर लांबतं. दुसरी स्वयंपाकघरात जाते. तिथल्या बाईशी भाकरीच्या पिठावरून बोलणं सुरू होतं आणि मग सगळं कळतं, पगार वेळेवर होतो का, महिन्याला किती बाया काम सोडून जातात, दात नसलेल्यांना काय देतात. काम करणारी बाई टिकत नसेल तर म्हाताऱ्या माणसाला रोज नवा हात अंगाला लागतो, आणि तो त्याला सोसत नाही. तिसरी खाटांपाशी जाते. ती काही विचारत नाही, नुसती बसते. नखं बघते, ओठ कोरडे आहेत का बघते, पाण्याचा पेला हाताला पुरेल असा ठेवलाय का बघते. कुणाचे हात-पाय बांधलेले दिसतात का ते बघते. कामवाली खोलीत आली की म्हातारी माणसं तिच्याकडं बघतात की नजर चोरतात, हे बघते. ही तिसरी बहुतेक वेळा आमची सगळ्यांत वयस्कर मावशी असते, कारण तिला तिथली माणसं आपली समजून बोलतात. बाहेर आल्यावर तिघी एकमेकींना सांगतात. जुळलं नाही तर नोंद तशीच ठेवायची, अमकी असं म्हणते, तमकी तसं.

अर्थात घर म्हणजे चांगलं आणि बाहेर म्हणजे वाईट, असं आम्ही म्हणत नाही. घरातही बुढीला मागच्या खोलीत, अंधारात, भिंतीकडं तोंड करून ठेवलेलं आम्ही पाहिलं आहे. आणि सून एकटी मरमर करते, तिच्या पाठीचा काटा ढिला होतो, तिचं कोणी विचारत नाही, हेही पाहिलं आहे. ‘मायला आश्रमात टाकलं’ असं गाव ज्या तोंडानं बोलतं त्या तोंडानं कधी विचारत नाही की तिची कूस रात्री कोण बदलत होतं. गोविंदप्रभूंची म्हातारपणची सेवा रक्ताच्या नात्यानं केली नाही. कुठून कुठून आलेल्या माणसांनी केली, आणि आपलं गाव त्यांचं नाव आजही घेतं.

त्याच काळातली आणखी एक आठवण स्मृतिस्थळ या ग्रंथात आहे. नागदेवाचार्यांना शिष्यांनी संस्कृतात काही विचारलं, तेव्हा त्यांनी अडवलं. स्वामींनी मला मराठीत शिकवलं, आणि तुम्ही संस्कृतात गेलात तर माझ्या म्हाताऱ्या बायांच्या वाट्याला काही येणार नाही, असा त्यांच्या बोलण्याचा अर्थ होता. विद्वानांच्या सभेत त्यांना कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्या आठवल्या. आज दवाखान्यात, आश्रमात भरती करताना चार-पाच पानी इंग्रजी फॉर्मवर अंगठा घेतात. आम्ही आता सांगतो, मराठीत वाचून दाखवा, बुढीला ऐकू येईल असं वाचा, मग अंगठा. एका ठिकाणी वाचून दाखवायला लावलं तर त्यात निघालं की जमा केलेली रक्कम कोणत्याही कारणानं परत मिळणार नाही.

श्रावणात आमच्या तिघी दोन जागा बघून येणार आहेत, एक अमरावतीची, एक परतवाड्याकडची. काय दिसलं ते त्यानंतरच्या बोलण्यात सांगू. तोवर कुणाच्या घरी म्हाताऱ्या माणसाची आबाळ होत असेल, कोणी मारझोड करत असेल, किंवा कुठं ठेवायचं याची माहिती हवी असेल, तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा सरकारी फोन आहे. पैसे लागत नाहीत. सकाळी आठ ते रात्री आठपर्यंत उचलतात, आणि मराठीत बोलतात. नंबर चुलीजवळच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवा : १४५६७.